सध्या कुठे असता?

मराठी माणसाशी ओळख झाली की दुसऱ्याच मिनिटाला तो विचारतो, "आपण कुठे असता?" त्याला आपलं घर कुठे ते नको असतं. पोटापाण्याला काय करता, एवढंच हवं असतं. पण ते थेट विचारणं बरं दिसत नाही, म्हणून तो आपल्या असण्याचीच चौकशी करतो. उत्तरंही त्याच चालीवर. "मी बँकेत असतो." "थोरला टेल्कोत असतो, धाकटा अजून कुठे नाही." हा धाकटा त्या वेळी आतल्या खोलीत पोह्यांची दुसरी बशी संपवत असतो, तरी तो कुठेच नसतो.

मी अठरा वर्षं भोसरीला होतो. म्हणजे राहायला चिंचवडला, असायला भोसरीला. एमआयडीसीतल्या एका मध्यम कंपनीत, क्वालिटी खात्यात. ट्रकच्या गिअरबॉक्सला लागणारे गिअर आणि शाफ्ट आम्ही बनवायचो. माझं काम पास-नापास करण्याचं. भोकाचं माप बघायला एक गेज असतं. त्याचं एक टोक 'गो', दुसरं 'नो-गो'. गो आत गेलं पाहिजे, नो-गो जाता कामा नये. जे बसत नाही त्याला लाल टॅग. मधला एक प्रकार असतो, 'रीवर्क'. माल वाया गेलेला नाही, पण आहे तसा चालणारही नाही. पुन्हा मशीनवर चढवायचा. अठरा वर्षांत मी किती टॅग बांधले त्याचा हिशेब नाही. आपल्यालाही कोणी मोजत असेल, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

२००८ च्या दिवाळीच्या आसपास भोसरीत एक नवा शब्द आला. ब्लॉक क्लोजर. मोठ्या कंपन्यांच्या आवारात न विकलेले ट्रक रांगेने उभे राहिले, तेव्हा त्यांनी काही काही दिवस कारखानाच बंद ठेवायला सुरुवात केली. मोठ्या घरी चूल पेटली नाही की धुणं-भांडीवाल्या बाईलाही सुट्टी मिळते, तशी आम्हाला मिळाली. आधी तीन दिवस, मग सहा. पहिल्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब भीमाशंकरला जाऊन आलो. दुसऱ्या सुट्टीत माळा साफ केला. तिसऱ्या सुट्टीत कोणी काही ठरवलं नाही.

३१ जानेवारी २००९, शनिवार. एचआरमधल्या मुलाने मला केबिनमध्ये बोलावलं. मुलगाच म्हणायचा, सत्ताविशीचा असेल. त्याने माझ्यासाठी चहा मागवला तेव्हाच मी ओळखलं. अठरा वर्षांत त्या केबिनमध्ये मला पहिल्यांदा चहा मिळत होता, आणि तोही कपबशीतून. कंपनी 'राइट सायझिंग' करतेय, असं तो म्हणाला. मापाचं काम मी करत होतो, त्यामुळे साइझ राइट आहे की नाही हे मला विचारलं असतं तर बरं झालं असतं. मग तो म्हणाला, "सर, प्लीज पर्सनली घेऊ नका." आता अठरा वर्षं पगार मी पर्सनलीच घेत आलो होतो, हे एवढंच कुणाच्या नावावर घेणार? राजीनाम्याचा कागद टाइप करून तयार होता. वैयक्तिक कारणास्तव मी नोकरी सोडत आहे, असं त्यात लिहिलं होतं. "काढलं म्हणण्यापेक्षा हे पुढे बरं दिसतं, सर," तो म्हणाला. मी सही करताना त्याचाच हात थरथरत होता. पुढे मार्चमध्ये तोही गेला, असं कळलं. त्याला चहा कोणी पाजला कोण जाणे.

नोकरीच्या बाबतीत आपली भाषा फार सावध आहे. नोकरी आपण मिळवली, असं फार थोडे लोक म्हणतात. नोकरी लागते. भूक लागते, ठेच लागते, उचकी लागते, नजर लागते, तशीच नोकरी लागते. यातलं काहीही आपल्या हातात नसतं. आणि मग ती जाते. घालवली, असं सहसा आपण म्हणत नाही. ते सासरे म्हणतात. ती आपली आपण जाते, वीज जाते तशी. वीज गेली की आपण आधी खिडकीतून बाहेर बघतो, सगळ्यांचीच गेलीय का. सगळ्यांची गेलेली असली की जरा हायसं वाटतं आणि माणूस अंधारातच गप्पा मारायला लागतो. फक्त आपलीच गेली असेल तर मात्र घाम फुटतो. मंदीत नोकरी जाण्याचा एवढा एक फायदा आहे. समोरच्या इमारतीतही अंधार असतो.

पहिला सोमवार आला. बायको साडेसहाला उठली आणि सवयीने दोन डबे भरून मोकळी झाली. एक मुलाचा, एक माझा. भरल्यावर तिच्या लक्षात आलं. "अहो, आता हा डबा..." म्हणून ती थांबली. मी म्हटलं, राहू दे. साडेबाराला कंपनीचा भोंगा व्हायचा. तो भोंगा चिंचवडात ऐकू येत नाही, पण पोटात वाजला. ताट घेऊन बसलो तर घास उतरेना. मग डबा उघडला, झाकणात भाजी काढून घेतली, पोळीची सुरळी केली आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्याने जेवलो. बरं वाटलं. पुढे पंधरा दिवस मी घरात डबा खात होतो. बायको काही बोलली नाही. फक्त तिसऱ्या दिवसापासून डब्यात लोणच्याची पुडी यायला लागली. ती आधी येत नव्हती.

आईला आम्ही त्याच शनिवारी सांगितलं होतं. ती मालिका बघत होती. तिने टीव्हीचा आवाज कमी केला. बंद नाही केला. "पाय धू, जेवायला बस," म्हणाली. दुसऱ्या दिवशी शेंगा सोलताना तिने चौकशी सुरू केली.

"तुझी नोकरी नेमकी नेली कोणी?"

"अमेरिकेत लेहमन ब्रदर्स म्हणून बँक होती. ती सप्टेंबरात बंद पडली."

"ब्रदर्स म्हणजे बंधू?"

"हो."

"मग बंद म्हणजे, एक ते चार?"

आईचं सगळं आयुष्य लालबागला गेलं. पुण्याकडची दुकानं दुपारी झोपतात, हे तिने अजून माफ केलेलं नाही. मी सांगितलं, कायमची बंद. १८५० साली सुरू झालेलं दुकान, १५ सप्टेंबर २००८ ला दिवाळं काढलं. मग जगातल्या बँका एकमेकींना उसने पैसे देईनात. इकडे ट्रक घेणाऱ्याला कर्ज मिळेना. ट्रक खपेना, म्हणून गिअर लागेना, म्हणून गिअर मोजणारा लागेना. "म्हणजे मी," असं मी शेवटी जोडलं, कारण तिचं लक्ष शेंगांकडे होतं.

"पण त्या बंधूंचं बुडालं कशाने?"

इथे मी अडखळलो. सबप्राइम कर्ज हा शब्द मी पेपरात रोज वाचत होतो, पण शेंगा सोलणाऱ्या बाईला समजावून सांगण्याइतका तो मला कळला नव्हता. म्हटलं, "ज्यांना फेडता येणार नाही हे दिसत होतं, त्यांना घरासाठी कर्जं दिली."

"म्हणजे माझी वही," आई म्हणाली.

आईची लालबागला खानावळ होती. म्हणजे आमच्याच दहा बाय बाराच्या खोलीत दोन वेळा तीस-पस्तीस गिरणी कामगार पाळीपाळीने जेवून जायचे. गावी बायका-मुलं ठेवून आलेले सातारचे, कोकणातले पुरुष. पैसे पगाराला. तोवर वहीत खूण. १९८२ च्या १८ जानेवारीला संप सुरू झाला. मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि पगारच थांबला. पण संपावर गेलेल्याचं पोट काही संपावर जात नाही. आई वाढत राहिली आणि खूण करत राहिली. हे परत येणार नाहीत हे तिला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच कळलं होतं. एकेक जण ट्रंक उचलून गावी गेला. काहींनी पुढे वर्षा-दोन वर्षांनी तांदूळ पाठवले, एकाने आंबे. बाकीच्यांची खूण अजून वहीत आहे आणि वही अजून तिच्या ट्रंकेत आहे.

"हो, तशीच वही," मी म्हटलं. "फक्त त्यांनी ती वही विकली."

"वही विकली?"

"हो. घेणाऱ्याने अशा शंभर वह्या एकत्र शिवल्या, त्यांची पानं वेगवेगळी लावली आणि पुढच्याला विकल्या. त्याने आणखी पुढच्याला."

"आणि यातल्या एकानेही जेवणारे बघितले नाहीत?"

"नाही. पण वहीवर शिक्का होता. माल उत्तम आहे असा. शिक्का मारणाऱ्या वेगळ्या कंपन्याच असतात."

"वही उघडून न बघता?"

यावर मला खरा राग आला. नोकरी गेल्यानंतरचा पहिला राग. अठरा वर्षं मी एकेका भोकात गेज घालून बघितलं, शंकेला जागा असली तर शिफ्ट संपली तरी थांबून लॉट पुन्हा मोजला, आणि तिकडे न मोजता 'ओके'चा शिक्का मारणाऱ्यांपायी मी घरी बसलो. हे असं कळल्यावर मी त्या शनिवारचं पहिल्यांदा पर्सनली घेतलं.

आई टरफलं गोळा करत म्हणाली, "माझी वही बुडीत आहे, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी ती कोणाला दिली नाही."

आता वडिलांबद्दल सांगायला हवं. तेही त्या संपातलेच गिरणी कामगार. संप सुरू झाला तेव्हा मी दहावीत जाण्याच्या बेतात होतो आणि वडील चाळिशीत. त्या संपाची गंमत अशी की तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. डॉ. दत्ता सामंतांनी पुकारलेला तो संप संपला असं कोणी जाहीर केलं नाही. तो नुसता विरत गेला. वडिलांनी पुढे काय काय केलं. भाजी विकली, इमारतींवर रखवाली केली, माझ्या डिप्लोमाच्या वर्षात एका छापखान्यात कागद उचलले. पण कोणी "कुठे असता?" विचारलं की ते ताठ बसून सांगायचे, "संपावर असतो." १९८५ ला सांगितलं, १९९० ला सांगितलं. माझ्या लग्नात बायकोच्या मामांना सांगितलं, तेव्हा मामांना वाटलं एसटीचा संप आहे, परतीचं कसं होणार. मला त्या वेळी लाज वाटायची. बेकार आहे म्हणून सांगावं ना सरळ, असं वाटायचं. २००१ साली ते गेले. मृत्यूच्या नोंदीसाठी फॉर्म भरताना 'व्यवसाय' या रकान्यापाशी मी थांबलो. आई म्हणाली, "गिरणी कामगार. कंसात, संपावर." खिडकीतला कारकून म्हणाला, कंस चालत नाही. वडिलांना तो संपाचा पहिला पराभव वाटला असता.

त्यांचं ते वाक्य मला २००९ च्या फेब्रुवारीत कळलं. संपावर असणाऱ्याला निदान कुठेतरी असता येतं.

मी मात्र थापा मारायला लागलो. घरात दिवसभर बसवेना, म्हणून जवळच्या वाचनालयात जायला लागलो. तिथे पेपर उभ्या स्टँडवर लावलेले असतात आणि वाचणारे सगळे साठीपुढचे. दुसऱ्याच दिवशी टोपीवाल्या आजोबांनी विचारलं, "कुठे असता?" मी म्हटलं, "भोसरीला." त्यांनी घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजले होते. "तिसरी पाळी," मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. पुढे कित्येक महिने मी तिसऱ्या पाळीत होतो. अधूनमधून जांभईही देत असे.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो. मी पेपरांच्या पुरवण्यांना लावल्या. त्यात एकदा वाचलं की हे लेहमन बंधू मुळात कापसाचे व्यापारी. जर्मनीतल्या बव्हेरियातून आलेले तिघे भाऊ, अलाबामात किराणा-कापडाचं दुकान चालवायचे. शेतकऱ्यांकडे रोकड नसायची, म्हणून मालाच्या बदल्यात कापूस घ्यायला लागले आणि त्यातून व्यापारी झाले. मी चपापलोच. वडिलांची नोकरी कापसाच्या गिरणीत गेली. माझी नोकरी लोखंडातली, तरी तिच्या मुळाशी शोध घेतला तर निघाला कापूसच. एखाद्या घराण्याला साप आडवा जातो, आमच्या घराण्याला कापूस.

मग कापसाच्या मागे लागलो. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतला कापूस इंग्लंडला पोचेना, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. मुंबईत पैशांचा पाऊस पडला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. जमीन अजून पाण्याखाली आणि शेअर आभाळात. मग १८६५ मध्ये युद्ध थांबलं आणि सगळा डोलारा कोसळला. जगात शांतता झाली म्हणून मुंबई रडली. त्या बाजाराचा राजा प्रेमचंद रायचंद त्यात धुऊन निघाला, पण तेजीच्या दिवसांत त्याने विद्यापीठाला दिलेल्या पैशांतून राजाबाई टॉवर उभा राहिला. त्याच्या आईचं नाव आहे ते. म्हणजे त्या तेजी-मंदीत शिल्लक काय राहिलं, तर आईच्या नावाचं घड्याळ. आमच्याकडे वही राहिली.

इमारतीत आमच्या समोरचे काका केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यांचं नशीब बघा. जगाला मंदी लागली त्याच वर्षी सरकारने सहावा वेतन आयोग लागू केला, तोही १ जानेवारी २००६ पासून. म्हणजे मागच्या अडीच-पावणेतीन वर्षांची थकबाकी. चाळीस टक्के त्या वर्षी, उरलेली साठ टक्के पुढच्या वर्षी. एकाच जिन्यात एका दाराला थकबाकी, समोरच्या दाराला राजीनामा. काका सज्जन माणूस. त्यांना नवा पातळ टीव्ही आणायचा होता आणि तो माझ्या दारावरून न्यायची लाज वाटत होती. शेवटी त्यांनी तो रात्री साडेअकराला आणला. चोरीचा माल आणावा तसा चौघांनी पाय न वाजवता जिना चढवला. नेमका त्याच वेळी मी कचऱ्याची बादली घेऊन दार उघडलं. काका खोक्याच्या मागून म्हणाले, "अहो, जुना फार जड झाला होता." मी म्हटलं, "द्या, एक कोपरा मी धरतो." वायर मीच जोडून दिली. काकूंनी पेढा पुढे केला आणि लगेच मागे घेतला; मग पुन्हा पुढे केला. तो पेढा घेताना आम्हा तिघांनाही समजेना, कोणी कोणाचं अभिनंदन करायचं.

नोकरी गेलेल्या माणसाकडे पैसे येत नाहीत, पण सल्ले येतात. मेहुणे म्हणाले, आता बिझनेस कर. कशाचा, यावर ते म्हणाले, ते तू बघ. एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला, भेटायचंय, तुझ्यासाठी एक संधी आहे. तो घरी आला आणि पिशवीतून साबण, दंतमंजन आणि एक तक्ता काढला. मी दोन माणसं आणायची, त्यांनी चार, त्यांनी आठ. मी त्याला विचारलं, तुझे दोन कोण? तो म्हणाला, एक तू. मी साबण घेतला. त्याच्या डोळ्यांखालीही तिसरी पाळी दिसत होती.

आत्याने पत्रिका मागवून घेतली. माझी रास सिंह. साडेसाती मधोमध चालू होती. "मंद ग्रह आहे," गुरुजी म्हणाले, "शनीचं एक नावच मंद." हे ऐकून मला बरं वाटलं. इतके दिवस अर्थतज्ज्ञ मंदीची कारणं सांगत होते, पण शब्दाची व्युत्पत्ती कोणी सांगितली नव्हती. अमेरिकेची रास कोणती, असं मी विचारलं. बायकोने मला पाटाखालून चिमटा काढला.

पैशांचं सांगतो. फंड मिळाला, तो तसाच बँकेत ठेवला. ग्रॅच्युइटीचा हिशेब मी स्वतः केला. बेसिक आणि डीए मिळून नऊ हजार, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले अठरा वर्षं. त्र्याण्णव हजार चारशे एकसष्ट रुपये. आई म्हणाली, "सव्वीस का? महिना तीसचा ना?" म्हटलं, कायद्यात कामाचे दिवस सव्वीस धरतात. "मग चार रविवारचं काय?" मी म्हटलं, ते आपले. आईने मान हलवली. आता सगळेच रविवार आपले होते.

घराचा हप्ता मात्र रविवार मानत नाही. ऑक्टोबर २००८ पासून रिझर्व्ह बँक रेपो दर उतरवत होती. ९ टक्क्यांवरून एप्रिलपर्यंत तो ४.७५ वर आणला. मी वाचनालयात दर वेळी ती बातमी वाचून आनंदाने बँकेत जायचो. दर चढताना माझा हप्ता लिफ्टने गेला होता. उतरताना त्याचे गुडघे दुखत होते. जूनमध्ये तर घाऊक महागाईचा दर शून्याखाली गेला. पेपरवाले म्हणाले, कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. मी ही बातमी बायकोला वाचून दाखवली. ती नुकतीच वाण्याकडून आली होती. तूरडाळीने पेपर वाचला नसावा, एवढंच ती म्हणाली आणि आमटीत पाणी घातलं. त्या वर्षी आमच्या आमटीची पारदर्शकता कंपन्यांच्या ताळेबंदांनी शिकावी अशी होती. फेब्रुवारीपासूनच तिने शेजारच्या दोन नोकरदार जोडप्यांना पोळ्या करून द्यायला सुरुवात केली होती, हे मला मे महिन्यात कळलं. पीठ मळायला आई होती. हिशेब कशात लिहितेस, म्हणून मी विचारलं. तिने ट्रंकेतली वही दाखवली. मागची पानं कोरी होती.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. अशाच एका कोरड्या जुलैतल्या दुपारी वाचनालयात टोपीवाल्या आजोबांनी पुन्हा विचारलं, "अजून तिसरीच पाळी?" माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही. घरी असतो. जानेवारीत नोकरी गेली."

"ठाऊक आहे," ते म्हणाले.

"कसं?"

"तिसऱ्या पाळीचा माणूस सकाळी अकराला पेपर वाचत नाही. झोपतो. मी बावीस वर्षं केलीय तिसरी पाळी."

मग त्यांनी आपल्या हातातली पुरवणी माझ्याकडे सरकवली. नोकऱ्यांच्या जाहिरातींचं पान रोज तेच आधी काढून ठेवत होते, माझ्यासाठी. मी थाप मारत असल्यामुळे त्यांना ते देता येत नव्हतं.

त्यानंतर मी सगळ्यांना सरळ सांगायला लागलो. कुठे असता? घरी असतो. आधी वाटायचं समोरचा हळहळेल. हळहळणारे थोडे निघाले. बरेच जण आवाज खाली आणून म्हणायचे, "आमचा भाचाही," "आमचे साडूही." मी इमारतीच्या पंपाचं बुश बदललं, काकांच्या नातीला व्हर्नियर कसं वाचायचं ते शिकवलं. फोनवरचं काम आईकडे होतं. कोणी नातेवाईक विचारायचे, "कुठे असतो हल्ली हा?" आई म्हणायची, "हा काय, इथेच असतो. देऊ?" आणि रिसीव्हर पुढे करायची. समोरचा घाईघाईने म्हणायचा, नको नको, असू दे.

पुढे ट्रक हळूहळू हलायला लागले. आवारातल्या रांगा कमी झाल्या. डिसेंबरात चाकणच्या रस्त्यावरच्या एका छोट्या वर्कशॉपमधून बोलावणं आलं. मालक माझ्याहून लहान, हाताला तेल लागलेलं, केबिन म्हणजे पत्र्याचं खोपटं. भिंतीशी पिवळ्या टॅगचा ढीग पडला होता, सगळा रीवर्क. मला ते बघून माहेरी आल्यासारखं वाटलं. त्याने माझे कागद चाळले आणि विचारलं, "सध्या कुठे असता?"

"घरी असतो," मी म्हटलं. "दहा महिने झाले."

त्याचा चेहरा उजळला. "वा! म्हणजे नोटीस पिरियडची भानगड नाही. उद्यापासून या."

पगार आधीच्या पाऊण. चहा स्टीलच्या ग्लासातून, पण पहिल्याच दिवशी. डबा ठेवायला फळी आहे.

जायला लागून आठवडा झाला असेल. रविवारी आत्याचा फोन आला. मी पलीकडच्या खोलीत होतो, पण आईचा आवाज ऐकू येत होता. आत्याने नेहमीचं विचारलं असणार. आई जरा थांबली.

"हल्ली नसतो गं," ती म्हणाली.